चुलीची वेळ : एक बाई, एक कुत्रा आणि दोघांच्या वेगवेगळ्या गरजा

जानेवारी 2024 मध्ये, हरभऱ्याला घाटे धरत असताना, एक तरुण आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात आला. तो पुण्यात नोकरीला होता आणि वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील आपल्या गावी चार दिवसांच्या सुटीवर आलेला होता. घरी एक म्हातारा कुत्रा आहे, त्याला इंजेक्शन देऊन शांतपणे संपवता येईल काय, असे त्याने विचारले. कुत्रा रात्रभर रडतो, खात नाही, अंधार पडला की वावराकडे निघून जातो आणि पहाटे परततो, असे त्याचे म्हणणे होते. कुत्र्याचे रडणे आपल्याकडे अशुभ मानतात, आणि त्या घरात आठ महिन्यांपूर्वीच एक मृत्यू झालेला असल्यामुळे शेजारीपाजारी आता उघडपणे बोलू लागले होते. आईला पुण्याला न्यायचे होते; मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत हा कुत्रा मावणार नव्हता.

बरा होऊ शकणारा प्राणी केवळ अडचण होते म्हणून मारता येत नाही, हे मी त्याला सांगितले. पोत्यात घालून दूर सोडून देण्याचा जो सल्ला त्याला गावात मिळाला होता, तोही प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या कायद्याच्या कलम 11 नुसार गुन्हा ठरतो, हेही सांगितले. मग दुसऱ्या दिवशी घरी येऊन तपासणी करण्याचे ठरले. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून गावाचे व माणसांचे नाव येथे दिलेले नाही. कुत्र्याला मात्र काळ्या म्हणू. या प्रकरणात पहिल्या महिन्यात माझे दोनदा चुकले आणि त्यातली दुसरी चूक कुत्र्यापेक्षा त्या तरुणाच्या आईला, म्हणजे या टिपणातल्या बाईंना, अधिक जड गेली. हे टिपण लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे.

घर आणि वावर

बाईंचे वय 58. त्यांचे यजमान मे 2023 मध्ये, वयाच्या 63 व्या वर्षी गेले. विदर्भातील शेतकऱ्याचा मृत्यू म्हटला की वाचकाच्या मनात एकच कारण उभे राहते. या घरात ते नव्हते. त्यांना लकवा मारला आणि नवव्या दिवशी रुग्णालयातच ते वारले. पाच एकर वावर, गवळाऊ जातीची एक बैलजोडी, घरामागे गोठा आणि काळ्या, एवढा त्यांचा संसार होता. पेरणीपूर्वी, जून महिन्यात जोडी शेजारच्या गावातील नातेवाइकाला विकण्यात आली आणि वावर मक्त्याने दिले गेले. ज्याने ते घेतले त्याने चारही धुऱ्यांवर तारा ओढून, शिवणाऱ्या जनावराला विजेचा झटका देणारी झटका मशीन बसवली.

या झटका मशीनचा उल्लेख मी मुद्दाम करतो आहे. बोर व्याघ्र प्रकल्पाच्या बाजूच्या या पट्ट्यात रानडुकरे आणि रोही, म्हणजे नीलगाई, यांच्यापासून पीक राखायचे म्हणजे जागल, अर्थात रात्रीची राखण, करावीच लागते. यजमान दर हंगामात तीन-चार महिने रात्री मचाणावर काढत, आणि नऊ हिवाळे काळ्या त्यांच्यासोबत मचाणाखाली झोपला. कुत्र्याने चाहूल घ्यायची, माणसाने टिनाचा डबा बडवायचा, अशी दोघांची वाटणी होती. मशीन बसल्यावर ती जागलच उरली नाही. संध्याकाळी वावरात पोहोचल्यावर यजमान शिदोरी सोडत आणि अर्धी भाकर काळ्यापुढे टाकत. ती जास्तीची भाकर बाई रोज न चुकता बांधून देत. म्हणजे नऊ वर्षे त्या कुत्र्याचे अन्न बाईंनीच थापले होते, परंतु ते एकदाही त्यांच्या हातून त्याच्या तोंडी गेलेले नव्हते. त्यामुळे पहिल्याच भेटीत त्या मला म्हणाल्या, "डॉक्टर सायेब, थे कुत्रं त्यायचं होतं. माह्यं कसं होईन?"

यजमान गेल्यावर काळ्याला सकाळी उरलेसुरले टाकले जाई, संध्याकाळी काहीच नाही. कारण संध्याकाळी घरात काही शिजतच नव्हते.

तपासणी आणि पहिली चूक

कुत्रा खंगलेला होता. वजन 14 किलो भरले, जे त्याच्या अंगकाठीला तीन किलो तरी कमी होते. ताप 103.6 अंश होता, हिरड्या फिकट होत्या आणि त्यांवर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके होते. कानांत आणि पायांच्या बोटांमध्ये गोचिडे भरलेली होती. रिकाम्या गोठ्यात तो दिवसभर पडून राही. गोठ्यातील ढोरे गेली म्हणजे गोचिडेही गेली असतील, असा घरच्यांचा समज होता. परंतु कुत्र्याची तपकिरी गोचीड ढोरांवर अवलंबून नसते. ती भिंतीच्या भेगांत अंडी घालते आणि कुत्र्यावरच वाढते. रक्ताचा नमुना तपासल्यावर बिंबाणू, म्हणजे प्लेटलेट, बरेच कमी निघाले. या तालुक्यात नेहमी दिसणारा गोचीडताप, ज्याला आम्ही एर्लिकिओसिस म्हणतो, तोच हा होता.

उपचार ठरलेला आहे. डॉक्सिसायक्लीनची गोळी दिवसातून दोनदा, सलग 28 दिवस, आणि तीही खाऊ घातल्यावर. उपाशीपोटी दिली तर कुत्रा ओकतो. दुधात कालवून देऊ नये, असेही मी सांगितले. गोठ्याच्या भिंतींना औषध मारले, जंताची गोळी दिली, आणि ताप उतरल्यावर पिसाळरोगाची लस टोचली, जी त्याला नऊ वर्षांत कोणीही दिलेली नव्हती.

रोग सापडल्यावर मला एक प्रकारचा आनंद झाला, हे कबूल करतो. गाव म्हणत होते की मालकासाठी कुत्रा झुरतो आहे, आणि माझ्या हातात मात्र प्रयोगशाळेचा कागद होता. मुलालाही मी जरा चढ्या आवाजात सांगितले की हे झुरणे वगैरे काही नाही, हा ताप आहे. ही माझी पहिली चूक. ताप होता म्हणून दुसरे काहीच नव्हते, असे मानण्याला काही आधार नव्हता.

गोळीसोबत आलेली भाकर

दहाव्या दिवशी मी पुन्हा गेलो तेव्हा ओसरीवर काळ्याची टिनाची थाळी होती आणि चुलीवर तवा तापत होता. संध्याकाळचे साडेसहा झाले होते. गोळी खाण्यासोबतच द्यायची असल्याने बाईंना संध्याकाळी चूल पेटवावी लागत होती, आणि पेटवलीच आहे तर दोन भाकरी अधिक टाकाव्यात, म्हणून त्या स्वतःही जेवू लागल्या होत्या. बोलता बोलता कळले की मे महिन्यापासून त्यांनी रात्रीचे जेवण जवळजवळ सोडलेच होते. चहासोबत सकाळची भाकर खायची आणि दिवेलागणीलाच आतून कडी लावून अंधारात पडून राहायचे. "एकटीसाठी कोन पेटवते चूल?" असे त्यांनी मला उलट विचारले, आणि या प्रश्नाला देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

मी ढोरांचा डॉक्टर आहे, माणसांच्या मनाचे निदान करणे माझे काम नाही. तरीही आठ महिने अन्नावरची वासना उडणे, झोप तुटणे आणि कशातही मन न लागणे ही लक्षणे ओळखायला वैद्यकाची पदवी लागत नाही. बाईंच्या परवानगीने मी गावातील आशाताईंशी, म्हणजे गावच्या आरोग्यसेविकेशी, बोललो. त्यांनी बाईंना ग्रामीण रुग्णालयात नेले. तेथे रक्त कमी असल्याचे आणि उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत असल्याचे आढळले. समुपदेशनासाठी दूरध्वनीवर 14416 या टेलिमानसच्या क्रमांकाची सोय आहे, हे आशाताईंनीच त्यांना दाखवून दिले. बाईंनी तो क्रमांक लावल्याचे मला माहीत नाही. संध्याकाळची चूल मात्र त्या दिवसानंतर बंद राहिली नाही.

आणखी एक गोष्ट याच काळात घडली. संध्याकाळी घरी भाकर मिळू लागल्यावर चौथ्या-पाचव्या दिवसापासून काळ्याचे वावरात जाणे थांबले. तो धन्याला शोधत मचाणाखाली जातो, असे गावाने ठरवून टाकले होते. धन्याला तो शोधतच नव्हता, असे मी म्हणणार नाही. परंतु नऊ वर्षे दिवस मावळताना त्याची भाकर ज्या जागी पडत आली, त्याच जागी तो त्याच वेळी जात होता, आणि भाकर घरी आल्यावर गेला नाही. गावाच्या गोष्टीत ही साधी बाब कोणी धरलेली नव्हती. बिबट्याचा वावर असलेल्या या पट्ट्यात रात्री एकट्या फिरणाऱ्या कुत्र्याचे आयुष्य फार नसते, त्यामुळे मला त्या थांबण्याचे समाधान वाटले.

दुसरी चूक

ताप गेला, वजन वाढू लागले, पण रडणे चालूच राहिले. औषधाने जे जात नाही ते दुःख, असा सोपा हिशेब मी केला आणि आधी ज्या गावाला हसलो होतो त्याच्याच मताला येऊन मिळालो. कुत्र्याचे जग वासाचे असते, म्हणून यजमानांचे जुने घोंगडे काळ्याच्या जागेवर अंथरावे, त्याने त्याला धीर येईल, असा सल्ला मी दिला. बाईंनी पेटीतून घोंगडे काढले. काळ्याने ते हुंगले, दोनदा भोवती फिरला आणि जाऊन पुन्हा दारापाशीच झोपला. बाई मात्र ते घोंगडे कुत्र्यासाठी जमिनीवर पडलेले पाहून रात्रभर बसून राहिल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते धुऊन परत पेटीत ठेवले, आणि पुढचे तीन दिवस माझा फोन उचलला नाही. त्यांचा राग योग्यच होता. कुत्र्याला काय हवे आहे हे न तपासता, माणसाला जे हवे असते ते मी त्याच्या नावावर मांडले होते.

त्यानंतर मी जे आरंभीच करायला हवे होते ते केले. बाईंच्या चुलत दिराचा नातू नवव्या वर्गात होता; त्याला एक वही दिली आणि कुत्रा केव्हा रडू लागतो, केव्हा थांबतो आणि त्या वेळी घरात काय चाललेले असते, एवढेच लिहायला सांगितले. पोराने चौदा रात्री चोख नोंदी ठेवल्या. रडणे दरवेळी आतून कडी लागल्यानंतर थोड्या वेळाने सुरू होत होते. फक्त दोन रात्री तो रडला नाही : एकदा बाईंची बहीण मुक्कामी आली होती आणि दोघी उशिरापर्यंत ओसरीवर बोलत बसल्या होत्या, आणि एकदा वीज गेल्यामुळे सगळी आळी बाहेर बाजा टाकून बसली होती.

यजमानांच्या काळात तो जागलीच्या दिवसांत मचाणाखाली असे आणि एरवी अंगणात, यजमानांच्या बाजेखाली. सांगायचे म्हणजे, माणूस दिसत किंवा ऐकू येत नाही अशी रात्र त्याने आयुष्यात क्वचितच काढली होती. कळपात राहणारा प्राणी सोबत तुटली की आवाज देतो. कोल्हेही तेच करतात. त्या आवाजाला आपण रडणे म्हणतो आणि त्यातून यमदूत पाहतो.

उपाय म्हणून दार उघडे ठेवा, एवढे म्हणून भागणार नव्हते. थंडी होती, बाई एकट्या होत्या, आणि उंबरठ्याच्या आत कुत्रा येऊ द्यायचा नाही हा त्यांच्या सासूच्या काळापासूनचा नियम होता. तो मोडायला लावण्याचा मला अधिकार नव्हता. मुलाने पुण्याहून पैसे पाठवून लाकडी दाराच्या बाहेर लोखंडी जाळीचे दार बसवून घेतले. जाळीला कुलूप, लाकडी दार अर्धे उघडे, काळ्या ओसरीवर पोत्यावर आणि बाई आत, त्याला दिसतील अशा बाजेवर. पहिल्या रात्री तो थोडा कण्हला. होळीपर्यंत रडणे पूर्ण थांबले. मग एके दिवशी बाईंनी आपण होऊन सांगितले की दिवेलागणीला कडी लावण्याचे कारण त्यांना वाटणारी भीती हेच होते. यजमान वावरात असले तरी अंगणात बैल असत, त्यांच्या घुंगरांचा आवाज असे, आणि ते सगळे गेल्यावर रात्रीची शांतता त्यांना सोसत नव्हती. जाळीपलीकडे कुत्र्याचा श्वास ऐकू येऊ लागल्यावर त्यांना झोप लागू लागली. याचा अर्थ, एकाच दाराच्या दोन्ही बाजूंना दोन जीव अस्वस्थ होते, पण कारणे निराळी होती : त्याला माणूस दिसायला हवा होता, आणि त्यांना कोणीतरी राखण करायला हवे होते.

"माह्यं कसं होईन?"

बाईंचा हा प्रश्न शास्त्राने वेगळ्या शब्दांत विचारलेला आहे. लहान मूल आणि आई यांच्यातील बंधाबद्दल मानसशास्त्रज्ञ जॉन बोल्बी यांनी जे मांडले आणि मेरी एन्सवर्थ यांनी प्रयोगांतून तपासले, तेच परीक्षण बुडापेस्ट येथील संशोधकांनी 1998 मध्ये कुत्रे आणि त्यांचे मालक यांच्यावर करून पाहिले. अनोळखी खोलीत मालक असला की कुत्रा मोकळा वावरतो, तो गेला की दाराशी जातो, आणि परतला की आधी त्याच्याकडे धाव घेतो, असे त्यात दिसले. त्याच गटाने 2001 मध्ये आश्रयगृहांतील प्रौढ कुत्र्यांवर केलेले काम या प्रकरणाला अधिक जवळचे आहे. माणसाची सोबत फार न मिळालेले हे कुत्रे एखाद्या अनोळखी माणसाच्या केवळ तीन छोट्या भेटींनंतर त्याच्याशी असा बंध दाखवू लागले होते. एका मालकाचा कुत्रा जन्मभर त्याचाच राहतो, ही समजूत कुत्र्यापेक्षा माणसाला अधिक प्रिय असते.

जपानमधील अझाबु विद्यापीठाच्या संशोधकांनी 2015 मध्ये दाखवून दिले की कुत्रा आणि मालक एकमेकांकडे बराच वेळ पाहत राहिले की दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढते. माणसाने वाढवलेल्या लांडग्यांत तसे आढळले नाही. बाईंना मी हे सांगितले तेव्हा त्या हसल्या आणि म्हणाल्या की नऊ वर्षांत आपण त्या कुत्र्याच्या तोंडाकडे कधी पाहिलेच नव्हते, गोळी घशात सरकवताना पहिल्यांदा पाहिले.

बंधाची किंमत

येथवर हे प्रकरण सुखान्त वाटते, पण पुढच्या चार महिन्यांत त्याची दुसरी बाजू समोर आली. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मार्चमध्ये ठरली होती, ती बाईंनी टाळली. एप्रिलमध्ये पुन्हा टाळली. कारण एकच : काळ्याला रात्री कोण पाहील? पुतणीच्या लग्नालाही त्या सकाळी जाऊन दुपारी परतल्या. मुलाने मला फोनवर कडवटपणे सांगितले की आईला माझ्या घरी यायला कुत्रा आडवा येतो, नातवाचे तोंड पाहायलाही तिला सवड नाही.

त्याची तक्रार खोटी नव्हती, तरी मला ती अपुरी वाटली. बाईंना पुण्याला जायचेच नव्हते. परंतु एकुलत्या एका मुलाला, तोही प्रेमाने बोलावत असताना, "मला माझ्या घरी राहायचे आहे" असे म्हणणे आपल्याकडच्या बाईला सोपे नसते. कुत्र्याचे कारण मात्र कोणाचे मन न दुखावता पुढे करता येते. जनावर माणसाला जे देते त्यात हेही धरले पाहिजे, आणि त्यामुळे त्या जनावरावर काय ओझे पडते तेही. ज्या घरात कुत्रा हे न बोललेल्या गोष्टीचे कारण होऊन बसतो, त्या घरात राग निघतो तोही कुत्र्यावरच. जानेवारीत त्याला मारण्याची जी विचारणा झाली, तिच्यातही माझ्या मते यातला काही अंश होता.

डोळ्याच्या बाबतीत मात्र मी आग्रह धरला. वही लिहिणाऱ्या त्याच पोराला तयार केले. त्याने आधी आठवडाभर बाईंच्या समोर संध्याकाळची भाकर काळ्याला दिली, मग बाई बहिणीकडे गेल्या असताना एक संध्याकाळ, मग ओसरीवर झोपून एक रात्र, मग दोन रात्री. पहिल्या रात्री काळ्या बराच वेळ ओरडला. तिसऱ्या खेपेला पोराच्या पायथ्याशी झोपला. बाईंना हे ऐकून बरे वाटले आणि थोडे वाईटही वाटले, ते त्यांनी लपवले नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर डोळा भरेपर्यंत कुत्र्याने अंगावर उडी मारू नये म्हणून जाळीचे दार दिवसाही लावून ठेवावे लागले, आणि ती शिस्त दोघांनीही पाळली.

पोळा

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने शेकतात आणि "आज आवतण घ्या, उद्या जेवाले या" असे त्यांना म्हणतात. वर्षभर राबणाऱ्या जनावराला जेवणाचे रीतसर आमंत्रण देणारा हा प्रघात बाईंच्या घरी 2023 मध्ये चुकला, कारण आवतण द्यायला दावणीला कोणी नव्हते. 2024 मध्ये त्यांनी जोडी घेणाऱ्या नातेवाइकाला निरोप धाडला, आणि पोळा फुटल्यावर तो बैलांना बंडीला जुंपून त्यांच्या दारी घेऊन आला. बाईंनी पाय धुतले, पुरणपोळी चारली, बोजारा, म्हणजे पोळ्याची ओवाळणी, दिला. शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग आणि पाठीवर झूल घातलेल्या आपल्या जुन्या सोबत्यांवर काळ्या मात्र ओसरीवरून परके समजून भुंकत सुटला. बाईंना हसू आवरेना. मला हे सांगताना त्या पुन्हा हसत होत्या, आणि यजमान असते तर त्यांनी त्याला रपाटा दिला असता, असे म्हणाल्या. यजमानांचा उल्लेख त्यांनी न थांबता केल्याचे मी तेव्हा प्रथमच ऐकले.

दिवाळीनंतर त्या वार्षिक लसीसाठी काळ्याला घेऊन आल्या, तेव्हा त्याचे वजन 17 किलो भरले. निघताना त्यांनी विचारले की दहा वर्षांच्या कुत्र्याला तीन मजले चढणे जमते काय. मागच्या पायांचे सांधे चाचपून मी सांगितले की हळूहळू चढला तर जमेल, उतरताना जपावे लागेल. त्यांनी मान हलवली आणि दोरी हातात घेतली. पुण्याला जायचे की नाही, हे त्यांनी मला अजून सांगितलेले नाही.